बर्फाखालचं गवत

पहाटे ५

आबी रात्रभर झोपलेली नाही. थोड्या थोड्या वेळाने उठून ती तंबूचं छत आतून काठीने झोडपते आहे. रेबो म्हणजे याकच्या केसांच्या पट्ट्या शिवून केलेला काळा तंबू. वारा असला की त्यावरचा बर्फ आपोआप उडून जातो, आणि रूपशूच्या पठारावर वारा नाही असा हिवाळा कोणी पाहिलेला नाही. पण काल संध्याकाळी वारा पडला आणि बर्फ सरळ खाली येऊ लागला. अशा वेळी छत झोडपलं नाही तर दांडे वाकतात आणि पहाटेपर्यंत सगळा तंबू अंगावर येतो.

हा दिवस कुठल्या एकाच घराचा नाही. लडाखच्या आग्नेय भागातल्या चांगथांगमध्ये, त्सो मोरीरी सरोवराच्या आसपास साडेचार हजार मीटर उंचीवर हिवाळी तळ टाकून राहणारी चांगपा कुटुंबं आहेत. शेळ्या, मेंढ्या आणि याक हेच त्यांचं सगळं धन. त्यांच्यावर मोठा बर्फ कोसळतो तेव्हा काय काय करावं लागतं, ते इथे एका छताखाली मांडलं आहे. घरात आजी आहे, तिला सगळे आबी म्हणतात. मुलगा आहे, सून आहे, आणि पुगाच्या निवासी शाळेतून हिवाळ्याच्या सुट्टीला आलेली नात आहे. वाडग्यात दोनशे शेळ्या, पन्नासेक मेंढ्या. महिना फेब्रुवारीचा.

आबी दाराचा पडदा बाजूला करून काठी बर्फात खुपसते. काठी मांडीपर्यंत आत जाते. ती काही बोलत नाही, फक्त सुनेला हाक मारून चूल पेटवायला सांगते.

सकाळी ६

लोणी आणि मीठ घातलेला चहा, त्यात कालवलेलं जवाचं भाजकं पीठ. आज पुन्हा खायला कधी बसायला मिळेल सांगता येत नाही, म्हणून प्रत्येकजण एक मूठ पीठ जास्त घेतो. चुलीत सुक्या लेंड्या आणि शेण. कोरडं जळण तंबूच्या आत रचलेलं असतं ते याच दिवसासाठी. बाहेरचा ढीग आता उकरून काढावा लागेल.

एवढा बर्फ इथे का पडावा, हा प्रश्न रास्त आहे. लडाख हे वाळवंट आहे. लेहमध्ये वर्षभरात पाऊस आणि बर्फ मिळून जेमतेम शंभर मिलिमीटर पाणी पडतं. हिवाळ्यात भूमध्य समुद्राकडून येणारे पश्चिमी विक्षोभ आपली ओल पीर पंजाल, मुख्य हिमालय आणि झांस्करच्या रांगांवर टाकत येतात, आणि पलीकडच्या पठारावर पोचेपर्यंत त्यांच्यात फारसं काही उरत नाही. एखाद्या वर्षी मात्र असा विक्षोभ फार जोराचा असतो, किंवा एकामागून एक दोन-तीन येतात, आणि डोंगरांची भिंत त्यांना अडवू शकत नाही. ताज्या बर्फाचा एक फूट थर वितळला तर साधारण इंचभर पाणी होतं. म्हणजे मांडीएवढा बर्फ हे लेहच्या मोजमापाने जवळजवळ अर्ध्या वर्षाचं पाणी, एका रात्रीत आलेलं.

आणि हे पाणी नको आहे असंही नाही. हिवाळा कोरडा गेला तर मे-जूनमध्ये कुरणात गवत उगवत नाही, ओहोळ आटतात. घोट्याएवढा बर्फ पडावा म्हणून गोंपात, म्हणजे बौद्ध मठात, प्रार्थना होतात. थोडा बर्फ असला तर पाणी नसलेल्या लांबच्या कुरणातही कळप नेता येतो, कारण जनावरं बर्फ चाटून तहान भागवतात. घोट्याएवढा बर्फ वरदान आणि मांडीएवढा काळ, या दोन टोकांमध्ये या लोकांचं सगळं जगणं बसलेलं आहे.

सकाळी ६.४०

तंबूपासून वाडगं हाकेच्या अंतरावर आहे. रोज तिथे पोचायला मिनिट लागत नाही. आज मुलगा आणि सून फावडं घेऊन वाट काढतात. या उंचीवर हवेतला प्राणवायू समुद्रकाठच्या निम्म्याहून थोडाच जास्त असतो. इथे जन्मलेल्या माणसालाही दहा फावडी मारली की थांबून श्वास घ्यावा लागतो. बर्फ अजून पडतोच आहे.

वाडग्याला छप्पर नसतं, कोरड्या दगडांची छातीएवढी भिंत असते. शेळ्या एकमेकींना चिकटून उभ्या असतात, खाली वर्षानुवर्षांच्या लेंड्यांचा जाड थर, तो उबदार. भीती असते ती कोपऱ्याची. वारा असताना भिंतीच्या आडोशाला बर्फ साचतो, जनावरं थंडी टाळायला तिकडेच सरकतात, मागची पुढचीवर चढते, आणि तळाशी सापडलेली गुदमरते. मुलगा आधी कोपरे उकरतो. एक म्हातारी मेंढी मेलेली निघते. ती तो बाजूला ओढतो. दुपारी सोलायची, आज हात रिकामे नाहीत.

नात भिंतीवर उभी राहून मोजते आहे. आकडे ती मोठ्याने म्हणते, म्हणजे आबीला ऐकू जावं. बर्फाच्या रात्री लांडगे तळाजवळ येतात, कारण त्यांनाही रानात काही मिळत नाही. मोजणी पुरी होते. एक मेंढी मेली, बाकी सगळी आहेत.

मग प्रत्येक शेळीची पाठ झटकायची. पश्मिना म्हणजे चांगथांगी शेळीच्या लांब केसांखालचा मऊ थर. त्याचा तंतू बारा ते पंधरा मायक्रॉन जाडीचा. दिवस लहान होऊ लागले की तो वाढतो, आणि उणे तीसमध्येही शेळीला तगवतो. पण तो कोरडा असेल तोवरच. पाठीवरचा बर्फ अंगाच्या उबेने वितळून आत मुरला की जगातल्या सगळ्यात महागड्या लोकरींपैकी असलेली ही लोकर काही कामाची राहत नाही. दोनशे पाठी, दोन माणसं, हातात याकच्या शेपटीचा झाडू. तासभर हेच.

सकाळी ८.३०

आजच्या दिवसातलं सगळ्यात अवघड काम यानंतर सुरू होतं, आणि त्यात शारीरिक कष्ट फारसे नाहीत.

बाहेरच्या माणसाला वाटतं की बर्फात जनावरं थंडीने मरतात. ती मरतात भुकेने. शेळीच्या पोटात चारा आंबत असतो तोवर तिच्या आतच शेगडी पेटलेली असते. पोट रिकामं झालं की ती विझते, आणि मग जी थंडी कालपर्यंत सोसली जात होती तीच तिला दोन-तीन दिवसांत संपवते. गवत कुठे गेलेलं नाही, ते मांडीएवढ्या बर्फाखाली आहे. घोडा खुराने बर्फ उकरून खातो, याक तोंडाने बर्फ सारतो, मेंढी थोडंफार उकरते. शेळीला एवढ्या बर्फात चालताच येत नाही, ती पोटावर अडकते.

मध्यम आकाराच्या शेळीला दिवसाला पाऊण ते एक किलो सुका चारा लागतो. दोनशे शेळ्यांचे दीडशे ते दोनशे किलो. तंबूमागे ताडपत्रीखाली लसूणघासाच्या वाळल्या पेंढ्या आहेत आणि जवाची काही पोती. सगळं मिळून पोटभर घातलं तर चार दिवस पुरेल. रस्ता किती दिवसांनी उघडेल कोणालाच माहीत नाही. लेह इथून दोनशे किलोमीटरहून लांब आहे, आणि सिंधूवरच्या माहे पुलापर्यंत यायलाही आधी बर्फ कापावा लागेल.

म्हणून आबी निवड करते. हे काम घरातल्या सगळ्यात अनुभवी माणसाचं. ती वाडग्यात उतरते आणि एकेका शेळीच्या पाठीच्या कण्यावर हात फिरवते. मणके बोटाला टोचत असतील तर एका बाजूला. कास भरू लागली असेल तर दुसऱ्या बाजूला. गाभण शेळ्यांचे हे शेवटचे आठवडे आहेत. पोटातलं करडू सगळ्यात जास्त वाढतं ते याच काळात, आणि आईला चारा मिळाला नाही तर ती आपल्या अंगचं मांस देऊन त्याला वाढवते, मग उभीसुद्धा राहू शकत नाही. खच्ची बोकड धष्टपुष्ट आहेत, त्यांच्या अंगावर उन्हाळ्याची चरबी आहे. त्यांना आज काहीही नाही.

सून विचारते, “म्हाताऱ्या शेळ्यांना?”

“त्यांना अर्धी मूठ. विणाऱ्यांना ओंजळभर. करडांच्या आयांना त्याहून जास्त.”

“आणि ही?” सुनेने एका लंगड्या शेळीच्या शिंगाला धरलं आहे. तिच्या लग्नात माहेराहून आलेल्या शेळ्यांपैकी ही शेवटची.

आबी तिच्या कण्यावरून हात फिरवते. मग म्हणते, “तिला आपल्या पिठातलं दे.”

जव मोजूनच घालावे लागतात. रिकाम्या पोटी धान्य जास्त झालं तर पोटात आम्ल वाढतं आणि शेळी भरल्या पोटी मरते. घाईघाईने आलेल्या मदतीत हाही एक धोका असतो, धान्याची पोती उतरतात आणि भुकेल्या जनावरांपुढे ओतली जातात. जो चारा त्यांच्या पोटाला सवयीचा आहे, तोच यायला हवा.

इथे मला महाराष्ट्राची आठवण होणं टळत नाही. २०१२-१३ च्या हिवाळ्यात चांगथांगमध्ये मोठा बर्फ झाला आणि हजारो जनावरं गेली, त्यात करडं फार. त्याच महिन्यांत बीड, उस्मानाबाद, माण, सांगोला इथे पाऊस न झाल्याने जनावरं चारा छावण्यांत बांधली होती. एकीकडे गवत उगवलंच नव्हतं, दुसरीकडे उगवून दिसेनासं झालं होतं, आणि दोन्हीकडे बायामाणसं रोज सकाळी पेंढी हातात घेऊन हाच हिशेब करत होती. दुष्काळात सरकारने चारा पोचवावा हे आपल्याकडे लोकांनी भांडून मिळवलेलं आहे. बर्फाच्या दुष्काळालाही तोच न्याय लागू व्हायला हवा, आणि तो बर्फाआधी. चारा ऑक्टोबरमध्ये तळाजवळच्या गोदामात असेल तर तो चारा. फेब्रुवारीत माहे पुलाच्या अलीकडे ट्रकमध्ये अडकला असेल तर त्याचा या वाडग्याला काही उपयोग नाही. हेलिकॉप्टरने पोती टाकता येतात आणि टाकलीही जातात, पण एका घराला दिवसाला दीडशे किलो लागत असतील तर शंभर घरांचा गुणाकार कोणीही करून पाहावा.

सकाळी ११

बर्फ थांबतो. ढग फाटतात आणि ऊन असं पडतं की तंबूतून बाहेर आलेला माणूस डोळे झाकतो. उंची वाढते तशी अतिनील किरणं वाढत जातात, आणि ताजा बर्फ त्यांतली बहुतेक परत वर फेकतो. उघड्या डोळ्यांनी दुपारभर फिरलं तर रात्री डोळ्यांत वाळू घातल्यासारखं होतं आणि दोन दिवस दिसत नाही. मुलाकडे गॉगल आहे. आबीची डोळ्यांवरची पट्टी याकच्या केसांनी विणलेली आहे.

याच वेळी वाडग्यात एक शेळी वितेय. सून आपला जाड लोकपा, म्हणजे पाठीवरचं केसाळ कातडं, काढून खाली अंथरते, करडू त्यावर पडतं. बर्फावर पडलं असतं तर अंगावरचं पाणी गोठायला काही मिनिटं पुरली असती. ती ते कोरड्या लोकरीने खसाखसा पुसते, तोंड मोकळं करते आणि सडाला लावते. पहिल्या काही तासांत चीक पोटात गेला तर ते जगण्याची आशा. आईला दूध फारसं नाही. सून दुसऱ्या, काल व्यालेल्या शेळीचा चीक वाटीत काढते आणि बोटाने थेंबथेंब चाटवते. मग करडू गोंचाच्या, म्हणजे जाड झग्याच्या, आत पोटाशी. तसंच पोटाशी बांधून ती पुढची सगळी कामं करते. संध्याकाळपर्यंत आणखी दोन येतील, ती चुलीजवळच्या टोपलीत जातील. तंबूत आधीच नऊ आहेत.

दुपारी १

आता बर्फाशी खरी लढाई, आणि ती वेळेची आहे.

तळाच्या उत्तरेला एक धार आहे. तिथे नेहमी वारा असतो, म्हणून बर्फ टिकत नाही, आणि दक्षिणेकडे तोंड असल्यामुळे ऊनही लागतं. तिथे झुडपं आणि कोरडं गवत उघडं सापडेल अशी आशा आहे. अंतर दोन किलोमीटरही नाही. पण मधला सगळा उतार बर्फाने भरलेला आहे. उन्हाने वरचा थर आत्ता ओला होतो आहे. रात्री तो गोठून कडक पापुद्रा होईल. त्यावर शेळीने पाय ठेवला की तो मोडतो आणि त्याची धार तिच्या नडग्या कापते. रक्त निघतं, जनावर बसतं, आणि बसलेलं जनावर उठत नाही. जे करायचं ते पापुद्रा धरायच्या आत.

शेजारच्या तीन तंबूंतले याकही आले आहेत. चौदा याक एका रांगेत. पुढे सगळ्यात दांडगा, शिंगांत लाल लोकर बांधलेला. मुलगा त्याच्या पुढे काठीने बर्फ चाचपत चालतो, कारण ओहोळ कुठे आहे हे आता दिसत नाही. पुढचा याक छातीने बर्फ लोटतो, मागचे तुडवतात. पन्नास पावलांवर पुढचा थांबतो, त्याच्या नाकातून वाफेचे झोत निघतात. त्याला मागे घेऊन दुसरा पुढे. एकाच जनावरावर सगळा भार टाकला तर ते छाती फुटून मरेल, हे इथल्या लहान मुलालाही कळतं.

मागून माणसं येतात, रांगेने, पाय आपटत. तुडवलेला बर्फ दाबला जातो, त्याचे कण एकमेकांना चिकटतात आणि रात्रभरात ती वाट दगडासारखी टणक होते. उद्या सकाळी शेळ्या त्या वाटेवरून चालतील. म्हणजे आजची मेहनत आजच्या चाऱ्यासाठी नाहीच, उद्याच्या चालण्यासाठी आहे. आज उपाशी-अर्धपोटी राहायचं हे आबीने सकाळीच धरून ठेवलं होतं.

दुपारी ३.१५

धार गाठली. वरचा काही भाग खरंच उघडा आहे, राखाडी झुडपं दिसताहेत. चार घरांच्या कळपांना दोन दिवस, फार तर तीन. याक लगेच तोंड घालतात, त्यांना इथेच सोडतात. रात्री ते वरच राहतील, लांडग्याला याकांच्या जथ्याजवळ येणं सोपं नाही.

दुपारी ४.३०

परत येताना ऊन कलतं आणि थंडी अशी उतरते की ओले हातमोजे काठीला चिकटतात. तंबूत नात करडांना बाटलीने दूध पाजते आहे. शाळेच्या वहीच्या मागच्या पानावर तिने कोणाला किती वेळा पाजलं त्याच्या रेघा मारल्या आहेत. ही मुलगी पुढे कळप राखेल का, सांगता येत नाही. चांगथांगमधल्याच खारनाकची कितीतरी कुटुंबं जनावरं विकून लेहजवळच्या खारनाकलिंग वस्तीत राहायला गेली, आणि माणसं तळ सोडतात ती अनेकदा एखाद्या अशाच हिवाळ्यानंतर. पाचशे जनावरांची शंभर उरली की पुन्हा पाचशे व्हायला वर्षं लागतात, आणि तेवढी वर्षं घर कशावर चालवायचं? मजुरीवर, लष्कराच्या हमालीवर, टॅक्सीवर. पश्मिन्याच्या शालीची किंमत करताना काश्मिरी विणकराचे कष्ट आपण मोजतो आणि ते योग्यच आहे. पण एका शेळीची वर्षाची लोकर कच्च्या मालात पाव किलोच्या आसपास भरते, आणि त्या पाव किलोमागे आजच्यासारखा दिवस आहे. तो कोणाच्याच हिशेबात येत नाही.

ऑगस्ट २०१० मध्ये लेहवर ढगफुटी झाली, दोनशेहून जास्त माणसं गेली, आणि सगळा देश लडाखकडे पाहत होता. तसं पाहायला हवंच होतं. बर्फाचं संकट असं एका रात्रीत उरकत नाही. आज एक मेंढी, चार दिवसांनी सहा शेळ्या. मग गाभडणाऱ्या शेळ्या. मग मार्चमध्ये बर्फ वितळून गवत दिसू लागल्यावरही, अंगात काही न उरल्यामुळे, चरता चरता कोसळणाऱ्या. त्याची बातमी होत नाही. मंगोलियात २००९-१० च्या हिवाळ्यात ऐंशी लाखांहून अधिक जनावरं अशीच गेली, तेव्हा जगाने त्या संकटाची दखल घेतली. चांगथांगचे आकडे लहान, म्हणून ते लेहच्या पलीकडे जात नाहीत. ज्याचं वाडगं रिकामं झालं त्याला मात्र आकडा लहान असून काय उपयोग?

संध्याकाळी ६

गोबाच्या तंबूत बैठक. गोबा म्हणजे तळाचा मुखिया. कोणत्या कुरणात कोणी कधी जायचं हे तोच ठरवतो, आणि त्याचा शब्द पाळला जातो. प्रत्येक घरातून एकजण आला आहे. या घरातून आबी आली आहे. मुलगा मेंढी सोलतो आहे.

प्रत्येकजण आपला साठा सांगतो. खोटं सांगण्यात अर्थ नसतो, सगळ्यांनी एकमेकांची ताडपत्री पाहिलेली असते. एका घरात, नवराबायको दोघंही म्हातारी, चारा उद्यापर्यंतच आहे. गोबा इतरांकडे बघतो. आबी एक पोतं कबूल करते, बाकीचे दोघे प्रत्येकी अर्धं.

वाद होतो तो धारेवरून. उघडी जागा थोडी आहे, सगळे कळप एकदम नेले तर एका दिवसात संपेल. तरुण म्हणतात आळीपाळीने नेऊ, एक दिवस दोन घरं, दुसऱ्या दिवशी दोन. आबीचं म्हणणं वेगळं आहे. घराप्रमाणे वाटू नका, जनावराप्रमाणे वाटा. सगळ्यांच्या खच्ची बोकडांना आणि भाकड शेळ्यांना उद्या वर न्या, ती चढ चढू शकतात. गाभण खालीच राहू देत, त्यांना पेंढी. बोकड वर गेले की खालची पेंढी तितकी वाचली.

“आणि बोकडांनी पुढे वाट आणखी रुंद केली,” गोबा म्हणतो, “तर परवा म्हाताऱ्याही जातील.”

तसं ठरतं. दोन तरुण पहाटे माहेकडे पायी निघतील. पापुद्रा कडक असेल, माणसाचं वजन पेलेल. बरोबर चिठ्ठी: किती घरं, किती जनावरं, किती दिवसांचा चारा, आणि धान्य नको, सुका लसूणघास पाठवा. चिठ्ठी नातीने लिहायची आहे, तिचं अक्षर चांगलं आहे. आबी तिला वहीतलं कोरं पान फाडायला सांगते आणि एकेक घराचे आकडे सावकाश सांगू लागते.